नानांच्या नळाचं पाणी

एकदा एक गृहस्थ काशीहून आणलेला गंगेचा गडू घेऊन माझ्या दुकानात आले. तांब्याचा, तोंड पक्कं बंद केलेला, बरीच वर्षं देव्हाऱ्यात बसलेला. "पाणी तपासून हवंय," म्हणाले. मी गडू हातात घेतला तसे घाईनं पुढे म्हणाले, "पण उघडायचा नाही हं."

"न उघडता कसं तपासू?"

"ते तुमचं शास्त्र. आम्ही काय सांगणार?"

मी गडू कानाशी धरून हलवला. आत डुबुक डुबुक झालं. "पाणी आहे," मी म्हणालो. गृहस्थांचा चेहरा उजळला. पुष्कळ घरच्या गडूंतलं पाणी आतल्या आत उडून जातं, त्यांना तीच भीती होती. मी दिलेल्या सगळ्या निकालांत हा एकच असा, ज्याबद्दल मला आजवर शंका आलेली नाही.

महाडच्या बाजारात माझं दुकान होतं. फिल्टर, गीझर, पाणी हलकं करणारी यंत्रं विकायची, दुरुस्त करायची, आणि कुणी पाणी आणून दिलं तर तपासून द्यायचं. रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी हा धंदा काढला तेव्हा वडील म्हणाले होते, "कोकणात पाण्याचं दुकान? उद्या कोळीवाड्यात मासे विकशील." पण जिथे पाणी फार, तिथे पाण्याच्या तक्रारीही फार. दुकान चाललं.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांना थोडक्यात सांगतो. पाऊस पडतो तेव्हा त्याच्यात जवळजवळ काही नसतं. मुरला की तो खडकातून वाट काढतो आणि जाताना खडकाचं थोडं थोडं सोबत घेतो. जितका मुक्काम लांबला, तितकं ओझं वाढलं. असं ओझं घेऊन वर आलेलं ते जड पाणी. त्यात साबणाला फेस येत नाही, तूरडाळ शिजायला रडवते, गीझरच्या कॉइलवर पांढरा दगड चढतो आणि शॉवरची भोकं टाचणीनं टोकरत बसावं लागतं. आमच्या शाळेच्या पुस्तकात त्याला दुष्फेन पाणी म्हणायचे. नाव ऐकून वाटावं, पाणी दुष्ट आहे. तसं नसतं. जड पाणी भांड्यांना त्रास देतं, माणसाला सहसा देत नाही. आणि हलकं, गोड, काचेसारखं पाणी माणसाला अंथरुणाला खिळवू शकतं. ही दोन वाक्यं मला पहिल्यापासून पाठ होती. म्हणून तर पुढचं लिहिताना हात जड होतो आहे.

तपासणी पाहायला लोकांना आवडायचं. मोजून घेतलेल्या पाण्यात औषध घालून रंगाचे थेंब टाकले की पाणी करवंदाच्या रसासारखं लाल होतं. मग उभ्या काचेच्या नळीतून दुसरं औषध थेंब थेंब सोडायचं आणि चंबू हलवत राहायचं. लाल, लाल, लाल, जरासं जांभळट, आणि मग एकाच थेंबात लख्ख निळं. औषध किती लागलं, त्यावरून त्या पाण्यानं किती डोंगर पोटात घेतलाय ते कळतं. आयुष्यभर हेच केलं, तरी तो निळा रंग येताना मी दर वेळी श्वास रोखून धरला आहे. समोरच्या पेल्यात डोंगर आहे आणि तो दिसत नाही, याचं नवल मला अजून संपलेलं नाही.

गणपतीला गावी आलेला पोलादपूरकडचा एक चाकरमानी एकदा बाटली घेऊन आला. मुंबईपलीकडे कुठेतरी टँकरच्या खारट पाण्यात आंघोळ करण्याची सवय झालेली. म्हणाला, "दादा, आमच्या गावच्या पाण्यात ऑइल मिक्स झालंय. साबण अंगावरनं निघतच नाय."

मी तपासलं. नळी उघडली न उघडली तोच पाणी निळं. "यात काहीच नाही," मी म्हणालो.

"काहीच नाय? मग आम्ही पितो काय?"

"परवाचा पाऊस. डोंगरावर पडला आणि झऱ्यातून तसाच खाली आला. खडकाशी बोलायलासुद्धा थांबला नाही. इतक्या हलक्या पाण्यात साबण असाच बुळबुळतो."

त्यानं बाटली उजेडात धरली, उलटी केली, सुलटी केली. "फुकटचं असून एवढं प्युअर?" म्हणाला आणि तिथेच गटागटा पिऊन टाकलं.

याच्या नेमकं उलट पाणी महाडजवळच्या आमच्या सव गावाला आहे. नदीकाठच्या गरम झऱ्यांचं. ते जमिनीच्या पोटात किती खोल जाऊन, किती काळ राहून वर येतं कोण जाणे. कढत, खारट, वाटेतलं सगळं बरोबर घेऊन आलेलं. गुडघे धरलेली माणसं त्यात पाय सोडून बसतात आणि येताना बाटली भरून आणतात, घरी शेकायला. आमच्याकडे न्हाणीघराच्या फळीवर अशी एखादी बाटली असणं यात कुणाला विशेष वाटत नाही.

आता नाना मोऱ्यांविषयी.

नाना मूळचे कुडपणचे. पोलादपूरच्या वर, पठारावरचं गाव. पाऊस कोसळतो तेव्हा ढगच घरात शिरतात, आणि तेच पाणी कड्यावरून खाली निघून जातं. नानांच्या लहानपणी उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन दरीत उतरायच्या. त्या वाटेवर त्यांची आई घसरली आणि पुढे कधी सरळ चालली नाही. नाना महाडला आले, भातगिरणीत राबले, आमच्या शेजारच्या चढावरच्या आळीत घर बांधलं. अंगणात बोअर मारली, भरपूर पाणी लागलं. घराला रंग लावायच्या आधी त्यांनी काय केलं असेल, तर कुंपणाबाहेर रस्त्याच्या अंगाला एक नळ काढला. येईल त्यानं भरावं. "पान्याला कडी लावायची नाय," एवढंच म्हणायचे.

पावसाळ्यात नदी फुगली की घरच्या नळांना चहासारखं पाणी यायचं, पुराच्या दिवसांत तेही बंद. मग सगळी आळी नानांच्या नळावर. मीसुद्धा जाता-येता ओंजळ धरायचो. पाणी जरा भारदस्त होतं, पोटात उतरल्याचं कळायचं. पण चवीला गोड.

त्या आळीत जगताप राहायचे. एसटीतले निवृत्त कंडक्टर. आवाज असा, की घरात बोलले तरी शेवटच्या घरातला माणूस उतरायला उठेल. त्यांना मुतखडा झाला. कळा सोसून झाल्यावर त्यांना शंका आली ती नानांच्या पाण्याची. शेजारच्या सुमनवहिनी बाजारात निघाल्या होत्या, त्यांना म्हणाले, "नानाच्या नळाची एक बाटली शामरावाकडे टाका. होऊन जाऊ दे सोक्षमोक्ष." आणि स्वतःही मागोमाग माझ्या दुकानात येऊन बसले.

आमच्या धंद्यात पहिला नियम असा, की तपासायचं पाणी आपण स्वतः जाऊन घ्यायचं. नळ थोडा वेळ वाहू द्यायचा, बाटली त्याच पाण्यानं विसळायची, मग भरायची. गिऱ्हाइकानं आणलेल्या बाटलीत काल काय होतं ते देव जाणे. मी हा नियम सगळ्यांना सांगायचो आणि कंटाळा आला की स्वतः मोडायचो. त्या दिवशी मोडला.

पाणी लाल झालं. औषध सोडत गेलो. लालच. नळी रिकामी झाली, पुन्हा भरली. तरी लालच. असं पाणी मी महाडच्या कुठल्याही घरातून आलेलं पाहिलं नव्हतं. एक थेंब जिभेला लावला. खारट. आदल्याच दिवशी मी त्या नळावर ओंजळभर प्यायलो होतो आणि ते खारट नव्हतं. जिभेनं मला स्पष्ट सांगितलं. मी तिला गप्प बसवलं, कारण पाणी हलकं करणारी यंत्रं मी नुकतीच दुकानात मांडली होती आणि त्यातलं एकही अजून गेलं नव्हतं. हे कारण त्या वेळी मला कळत होतं का? कळत होतं.

"काय शामराव, पास का नापास?" जगतापांनी विचारलं.

"जगताप, हे पाणी प्यायचं नाही. यानं खडे झाले नाहीत तर नवल."

"बघा! नाना फुकट पाजतो म्हणजे काहीतरी असणारच, मी म्हणत होतो."

संध्याकाळपर्यंत आळीत झालं. दुसऱ्या दिवशी नाना स्वतः आले. चपला बाहेर काढून दुकानात यायचे ते, तसेच आले.

"शामराव, माझ्या पान्यात खडं हायत म्हनतात."

"क्षार आहेत, नाना. खडकातले."

"म्हंजी जगतापाला झाला तो माझ्या नळानं?"

खरं उत्तर एवढंच होतं, की तसं कुणालाही सांगता येणार नाही. पुढे एका डॉक्टरांनी मला नीट समजावलं, की माणूस पाणी कमी पितो हे खड्याचं कारण जास्त. जडपणाला उगाच दोष देतात. पण हा अंदाज मला तेव्हाही होता. मी म्हणालो, "शक्यता आहे."

"आनि बाकीची मानसं? पोरं?"

"सांगता येत नाही."

नाना थोडा वेळ स्टुलावर बसले. मग "बरं" म्हणून उठले, घरी गेले, आणि स्वतःच्या हातानं तो रस्त्यावरचा नळ काढून पायपाला बूच ठोकलं.

काही दिवसांनी सुमनवहिनी दुकानात आल्या. गिऱ्हाईक जाईपर्यंत कोपऱ्यात उभ्या राहिल्या. "भाऊजी, घोटाळा झाला हो. सासूबाई कुरकुरत होत्या, सवच्या पाण्याचा गुण गेला म्हणून. शेकून शेकून थकले, म्हणे. मी बाटलीतलं चाखून बघितलं. ते नानांच्या नळाचं आहे. दोन्ही बाटल्या फळीवर शेजारी होत्या, आणि मी तुम्हाला..."

मी त्याच दुपारी काहीतरी निमित्त काढून नानांच्या अंगणात गेलो, नियमाप्रमाणे पाणी भरून घेतलं आणि दुकानाचं दार लोटून तपासलं. चारचौघांच्या बोअरला असतं तेवढं जड. पिण्याला उत्तम. जंतूंची तपासणी बाहेरून करून आणली, तीही स्वच्छ. तो निळा रंग आला तेव्हा मला जन्मात पहिल्यांदा त्याची भीती वाटली.

वहिनींना मी म्हणालो, "राहू द्या. नळ बंद झालाच आहे. आता सांगून गोंधळ वाढेल."

"निदान नानांना तरी."

"मी बघतो."

मी बघितलं नाही. तोवर आळीत माझी यंत्रं बसायला लागली होती. शामराव म्हणजे खात्रीचा माणूस, असं लोक म्हणत होते. ते ऐकण्याची चटक वाईट.

पुढच्या पावसाळ्यात पूर आला आणि घरचे नळ बंद झाले. आळीतल्या लोकांनी खालच्या अंगाच्या एका विहिरीचं पाणी भरलं. पाणी हलकं, गोड, साबणाला भरपूर फेस. बायका खूश. मग कावीळ आली. सुमनवहिनींचा मुलगा हळदीसारखा पिवळा होऊन पडला. वाचला, सगळेच वाचले. पण त्या दिवसांत मी त्यांच्या घरी विचारपूस करायला गेलो, तेव्हा आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता बोललो.

नानांनी तोंडातून तक्रारीचा शब्द काढला नाही. थंडीत गावच्या शेतातलं कुळीथ निघालं, तेव्हा पिशव्या भरून घेऊन आले आणि ज्याच्या ज्याच्या घरी मुतखडा होता त्या प्रत्येक दारात गेले. "माझ्या पान्यानं खडा दिला, माझ्या शेतातलं कुळीथ त्यो काढील. कढन करून घ्या." जगताप पायरीवरून ओरडले, "वा रे नाना! आजारही तुझाच, औषधही तुझंच! दुकान टाक!" लोक हसले. नानाही हसले आणि पुढच्या घरी गेले. हे दर वर्षी चालू राहिलं. मी माझ्या दुकानातून त्या पिशव्या जाताना बघायचो आणि काहीतरी हातात घेऊन उगाच पुसत बसायचो.

पुढे नाना मुलाकडे घर सोपवून कुडपणला परत गेले. मीही दुकान बंद केलं. वाटलं, संपलं. यंदा बाजारात जगताप भेटले. नव्वदीकडे झुकलेत, आवाज मात्र तोच. म्हणाले, "अहो, म्हाताऱ्यानं गेल्या थंडीतही कुळीथ पाठवलं! गाडीवाल्याच्या हाती. माझा खडा पडूनसुद्धा किती काळ झाला, तरी पाठवतोच आहे!"

मी घरी येऊन बसलो तो मला जेवण जाईना. दुसऱ्या दिवशी पोलादपूरला गेलो आणि तिथून वर.

पाऊस नुकताच सरत आला होता. रस्त्याच्या प्रत्येक वळणावर कड्यावरून पाणी सुटलेलं. ज्या पाण्याचे चार थेंब घेऊन मी आयुष्य काढलं, ते इथे डोंगरच्या डोंगर धूत खाली चाललेलं. गाडीत मी एकटाच काचेला नाक लावून बसलो होतो. बाकीच्यांना त्यात पाहण्यासारखं काही नव्हतं.

नाना ओट्यावर बसले होते. अंगानं वाळलेले, नजर साफ. मला ओळखलं. मी पाणीसुद्धा न पिता सगळं सांगून टाकलं. सवची बाटली, जिभेला लागलेलं मीठ, मागाहून केलेली तपासणी, यंत्रं. मध्ये थांबलो असतो तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

नाना माझ्याकडे वळून बसले. मग म्हणाले, "म्हंजी पानी बरं होतं?"

"चांगलं होतं नाना. पहिल्या दिवसापासून."

ते वळून घरात ओरडले, "गो, ऐकलंस काय? आपलं पानी बरं होतं!"

नानी दारात आल्या. सगळं आतून ऐकलेलं असणार. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "आत्ता सांगाया आलाय हा? आनि मी ह्याला च्या ठेवू?"

"ठेव गो. डोंगर चढून आलाय."

"चढंल नायतर काय! पापाचं वजन उतरवाया आलाय न्हवं," असं म्हणत त्या आत गेल्या. भांड्यांचा आवाज बराच वेळ येत राहिला. चहा आला. माझ्यापुढे त्यांनी कप आदळला आणि बशीत सांडलं तेवढं तसंच ठेवलं.

मी म्हणालो, "नाना, तुम्हाला मी फार उशिरा सांगितलं."

"मला काय सांगतोस रे? मी ते पानी सोडलंच कुठं होतं?"

मला कळलं नाही.

"नळ लोकांचा बंद केला. मी अंगनातलं पीतच व्हतो, हितं येईस्तवर. लोकांना खडं देऊन आपन दुसरीकडचं प्यायचं व्हय? म्हटलं, मलाबी होऊ दे. वाट बघितली. दर वर्षी वाटायचं, आता कळ येईल. आलीच नाय." ते समोरच्या धुक्याकडे बघत म्हणाले, "मला वाटायचं, देव मला शिक्षाबी देत नाय. एवढं काय वाईट केलं मी?"

माझ्या एका शब्दावर विश्वास ठेवून हा माणूस इतकी वर्षं स्वतःच्या पोटात खडा मागत होता. आणि आत्ता हे सांगताना त्याच्या आवाजात माझ्याबद्दल राग शोधूनही सापडत नव्हता. होता तो निव्वळ आनंद, पाणी बरं होतं याचा. ओट्यावर बसून त्यांनी ते दोन-तीनदा पुन्हा म्हटलं. मी उठून त्यांच्या पाया पडलो. "पाया पडून काय व्हनार?" म्हणाले. "त्यांना सांग. घरोघर जाऊन सांग. माझं सोड, पान्याचं नाव वाईट झालंय."

खाली आल्यावर मी सुमनवहिनींकडे गेलो. म्हटलं, मी एकटा जातो, तुमचं नाव येणार नाही. त्यांनी पदर खोचला, मुलाला "भात बघ" म्हणून सांगितलं आणि चपला घातल्या. "बाटली मी उचलली होती. मी येते."

आळीच्या एका टोकापासून सुरुवात केली. कुणी नवीन राहायला आलेलं, त्यांना नाना कोण तेच ठाऊक नव्हतं. कुणी हसलं. एकानं दाराआडून म्हटलं, "मग आमच्या यंत्राचं काय?" मी म्हणालो, "त्याची गरज नव्हती." त्यानं दार लावून घेतलं. मला वाटलं होतं, सांगत गेलो की हलकं वाटत जाईल. तसं होत नव्हतं. ज्यांनी नानांना टोमणे मारले होते त्यांचे चेहरे माझ्यासमोर बदलत होते. माझं ओझं मी घरोघर थोडं थोडं ठेवून चाललो होतो, आणि माझ्याकडचं तेवढंच राहत होतं.

जगतापांचं घर शेवटून दुसरं. ते पायरीवरच बसले होते. मी सांगितलं, वहिनींनी सांगितलं. जगतापांनी सगळं ऐकून घेतलं. ऐकताना ते एकदाही मध्ये बोलले नाहीत, हे मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"म्हणजे माझा खडा त्याचा नव्हता?"

"नव्हता."

"आणि कुळीथ तो..." त्यांनी हात पायरीवर टेकला. "याच पायरीवरनं बोललो होतो मी त्याला. सगळ्यांदेखत."

सून आतून म्हणाली, "बाबा, आत या, ऊन लागेल." त्यांनी ऐकलं नाही. काठी ओढून घेतली आणि उभे राहायला लागले. मी हात दिला तर तो झिडकारला.

"पोलादपूरहून वर कुडपणला जायला गाडी मिळते का हो अजून?"